बाबांची खिडकी कुठल्या बाजूला

३ फेब्रु., मंगळ.
धाकट्या भावाच्या, रवीच्या बंगलोरच्या घराची वास्तुशांत. विमानाची तिकिटं झाली. बाबा आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार. वाटलं, घाबरतील. तर म्हणाले, "घराचं मंग बगू. वरून आपला गाव दिसंल ना?"
गाव आता नाही. घरं, भातशेती, मागची टेकडी, सगळ्यावर, आम्ही जिथून उडणार, तोच विमानतळ झाला. तेव्हापासून बाबा माझ्याकडे, पनवेलजवळ सुकापूरला. त्यांना नेमकं काय दिसायला हवंय, हे विचारवलं नाही.

५ फेब्रु., गुरु.
डावी की उजवी? नकाशा उलटासुलटा करून डोकं दुखलं. गाव धावपट्टीच्या दक्षिणेला, खाडीच्या कडेला होतं. विमान समुद्राकडे तोंड करून उडालं तर ती जागा डावीकडे येईल. पनवेलकडे उडालं तर उजवीकडे.
शाळेतल्या सावंतबाईंचा मुलगा दिल्लीला, त्यांच्या सारख्या फेऱ्या. त्यांना विचारलं. "अगं, ते वाऱ्यावर. त्याच दिवशी ठरतं."
मग सीट आधी कशाला निवडायला लावतात?

८ फेब्रु., रवि.
डावी घेतली. सावंतबाई म्हणाल्या, बहुतेक वेळा समुद्राकडेच उडतं. घेतल्यावर कळलं, आमची रांग बरोबर पंखावर. खाली बघितलं तर पत्राच दिसणार. बदलायला गेले, साइट तीनदा लटकली. शेवटी मागची २४ ए मिळाली.
रवीला फोन. "ताई, खिडकी ती खिडकी. एवढा काय विचार?" ठेवून दिला.
बाबा रोज संध्याकाळी: "भेटली का खिडकी?" भेटली म्हटलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

१३ फेब्रु., शुक्र. विमानात
वळलं ते पनवेलकडे तोंड करूनच. एवढं सगळं करून गाव उजवीकडे. पलीकडच्या खिडकीतला माणूस झापड ओढून झोपलेला. त्याला उठवून जागा बदलून मागावी म्हटलं, तोवर पट्टे बांधा सांगितलं आणि धावायलाच लागलं.
बाबांचं कपाळ काचेला. मी माफी कशी मागायची याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात,
"ती बग आपली खाडी. त्या तिवरांच्या मागं घर. तुज्या आयची विहीर तितंच."
वाकून बघितलं. गावाच्या बरोबर उलटी, कामोठ्याची बाजू. मागे खारघरचे टॉवर अगदी स्पष्ट.
"हो," म्हणाले मी.
त्यांनी डोळे पुसले. मग चहा कदी देतात, विचारलं.

१५ फेब्रु., रवि. बंगलोर
पूजा नीट झाली. पण बाबांनी येणाऱ्या प्रत्येकाला धरून सांगितलं: खाडी, तिवरं, विहीर. "अजून तसाच हाय सगळा. लोक उगाच बोलतात, कायच नाय उरलं."
रवीने स्वयंपाकघरात गाठलं.
"ताई, विहीर तर बुजवली ना? कुठल्या बाजूला बसला होतात?"
"डावीकडे. आणि विमान पनवेलकडे उडालं."
त्याच्या लक्षात आलं. "मग तू काही बोलली नाहीस?"
चिडले. तिकिटं मी बघायची, बाजू मी शोधायची, आणि वर जाबही मीच द्यायचा. म्हटलं, बाबा बाहेर बसलेत, जा, तूच सांग. गेला. त्यांच्याशेजारी बसला. परत आला तेव्हा हातात रिकामा कप. "नंतर बघू," म्हणाला.

१७ फेब्रु., मंगळ.
परतीच्या सीट घ्यायच्यात. बाबा सकाळी म्हणाले, "येताना बी गावाकडची खिडकी घे. घाईत नीट बगायचं राहिलं."
उतरताना तोंड समुद्राकडे असलं तर डावीकडून खरं काय ते दिसेल. सपाट जमीन, काँक्रीट, उभी विमानं. उजवी घेतली तर पुन्हा कामोठ्याची तिवरं, आणि बाबा खूश. वारा फिरला तर सगळं उलटं. म्हणजे मी काय ठरवते त्याला तसाही काय अर्थ? तरी ठरवायचं मलाच.
रवीला विचारलं. "तुला योग्य वाटेल ते." छान.
दोन्ही बाजूंना जागा रिकाम्या आहेत. बाबा सोफ्यावरून विचारतायत, झालं का.
थांबा म्हटलं.