पकडायला हद्द लागत नाही

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक (ग्रामीण)
यांचे कार्यालय.

अर्जदार : अ‍ॅड. सुमय्या राजमहंमद मुलाणी, वय ३४, धंदा वकिली, रा. कार्ले, ता. मावळ, जि. पुणे.

विषय : लष्करातील महिला शिपायावर झालेल्या लैंगिक अत्याचाराची खबर घेण्यास ठाण्याने तीनदा दिलेला नकार, व त्याच शिपायाला फरारी ठरवून आरोपीच्याच ताब्यात देण्याचा प्रयत्न.

संदर्भ : भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३ (४).

महोदय,

१. अर्जदार तालुक्याच्या न्यायालयात सात वर्षे वकिली करते. तिच्याकडची कामे बहुतेक वारसनोंदीची, पोटगीची आणि बांधाच्या भांडणांची. लष्करी कायद्याचे एकही पुस्तक या ९ जूनपर्यंत तिच्या कपाटात नव्हते. त्या दिवशी दुपारी पवना धरणाच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून एक बाई आपल्या बावीस वर्षांच्या मुलीला घेऊन न्यायालयाच्या आवारात आली आणि अर्जदाराच्या टेबलासमोर उभी राहिली. बाई म्हणाली, "वकीलबाई, दोन म्हैने झालं, पोर घरात हाय. धड जेवत न्हाई, धड बोलत न्हाई. मला तर काईच सांगंना. तुमाला सांगती का बघा."

मुलगी पाठ ताठ ठेवून बसली. ती लष्करी पोलीस दलात शिपाई आहे. त्या वाडीतून फौजेत गेलेली ती पहिली मुलगी. तिने आधी एकच प्रश्न विचारला, "मॅडम, एका वर्दीतल्या माणसाची तक्रार दुसऱ्या वर्दीतला माणूस घेतो का?"

अर्जदार म्हणाली, "घ्यावीच लागते. कायदा आहे."

हे वाक्य तेव्हा तिला फार सोपे वाटले. त्याबद्दल अर्जदार स्वतःवर अजून चिडलेली आहे.

२. मुलीचे नाव, वाडीचे नाव आणि ठाण्याचे नाव बंद लिफाफ्यात दिले आहे, कारण अशा मुलीची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. ठाण्याला हे ठाऊक नसावे. त्याबद्दल परिच्छेद ६ पाहावा. या अर्जात तिला 'पीडिता' म्हटलेले नाही. मसुद्यात तसे लिहिले होते, ते वाचून ती म्हणाली, "पीडिता नका लिहू मॅडम. मला नंबर आहे, हुद्दा आहे." म्हणून पुढे सर्वत्र 'शिपाई' असे लिहिले आहे.

३. परराज्यातील एका छावणीत ११ मार्च २०२५ रोजी दुपारी शिपाई भांडारात साहित्य मोजण्याच्या कामावर होती. तिच्या तुकडीच्या सुभेदाराने बाकीच्या दोघींना जेवायला पाठवले, दार आतून लावले आणि तिच्यावर बलात्कार केला. तपशील तिच्या निवेदनात आहे. तो येथे पुन्हा लिहिण्याची गरज नाही. शिपाई संध्याकाळच्या हजेरीला उभी राहिली, आणि हजेरी संपताच कंपनीच्या अधिकाऱ्याकडे जाऊन तिने लेखी तक्रार दिली. अधिकारी तिला म्हणाले, "बेटा, यह घर का मामला है. घर में ही रहने दो."

घरातल्या घरात पुढे काय झाले, तेही नोंदवणे भाग आहे. वैद्यकीय तपासणी झाली नाही. चौकशी झाली. तीत शिपायाला अकरा प्रश्न विचारले गेले. त्यांतले चार तिच्या मोबाईलबद्दल होते, तीन तिच्या लग्नाबद्दल आणि दोन ती हसून बोलते का याबद्दल. चौकशी चालू असताना सुभेदार त्याच खोलीत खुर्चीवर बसून होता. २ एप्रिलला तिची तक्रार शेरा मारून परत आली, 'योग्य मार्गाने सादर करावी.' योग्य मार्ग म्हणजे तुकडीच्या प्रमुखाची शिफारस. तुकडीचा प्रमुख तोच सुभेदार. म्हणजे त्याने काय केले हे सांगण्यासाठी शिपायाने त्याचीच सही आणायची होती.

तिने ती आणली नाही. मग तिला 'मानसिक अस्वस्थता' लिहून ३० दिवसांच्या रजेवर घरी धाडण्यात आले. रजा वाढवून मिळावी म्हणून तिने डॉक्टरांच्या दाखल्यासह रजिस्टर पोस्टाने अर्ज केला. तो युनिटला पोचल्याची पोचपावती सोबत आहे.

४. अर्जदार शिपायाला घेऊन ठाण्यात तीनदा गेली.

१० जून. ठाणे अंमलदार हवालदार भिमाजी शेलार यांनी निम्मे ऐकून पेन खाली ठेवले. "मॅडम, हे मिलिटरीचं. गुन्हा घडला परराज्यात. आमची हद्द न्हाई." अर्जदाराने कलम काढून दाखवले. गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यात घ्यावी लागते, शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवावी लागते. ते म्हणाले, "पुस्तकात असंल."

१४ जून, शनिवार. पर्यटकांच्या बंदोबस्ताला सगळे ठाणे लोणावळ्याला गेलेले. शिपाई बाकावर चार तास बसली. या वेळात धबधब्यावर मोबाईल हरवल्याच्या दोन तक्रारी नोंदवून घेतल्या गेल्या. एक तक्रारदार हैदराबादचा होता. त्याची हद्द कोणी विचारली नाही.

१७ जून. लेखी अर्ज घेतला. अर्जदाराने टेबलाच्या अलीकडून आवक नोंदवहीतला शेरा उलटा वाचला आणि तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. 'किरकोळ. कौटुंबिक वाद.' कोणते कुटुंब, असे तिने विचारले. शेलार यांनी आवाज खाली आणला. "तुमच्या भल्याचं सांगतो. तुमचं नाव मुलाणी. उद्या लोक म्हनतील, ही बाई फौजेच्या मागं का लागली? त्याचा वेगळा अर्थ निघतो."

५. हे वाक्य घेऊन अर्जदार कार्ल्याला घरी गेली. तिच्या वडिलांचे, राजमहंमद मुलाणी यांचे, रस्त्याला लागून टायर-पंक्चरचे दुकान आहे. शेलार जे बोलले तेच वडीलही म्हणतील, अशी तिला धास्ती होती. तिची आई तसेच म्हणाली. वडिलांनी टायरमधून हात काढला, फडक्याला पुसला आणि विचारले, "पोरगी फौजेतली आहे ना?"

"हो, अब्बा."

"मग तू फौजेच्याच बाजूनं उभी आहेस. आणखी कुणाला काय सांगायचं?"

या संभाषणाचा कायद्याशी संबंध नाही, हे अर्जदाराला कळते. पण शेलार यांनी तिचे नाव काढले होते, म्हणून उत्तरही कागदावर असावे.

६. २६ जून रोजी सकाळी दहा वाजता, म्हणजे 'हद्द नाही' असे सांगितल्याला सोळा दिवस झाले असताना, त्याच ठाण्याची जीप त्याच शिपायाच्या वाडीत आली. उतरले शेलार, ठाण्यातला एक पुरुष पोलीस आणि एक महिला पोलीस. वाडीच्या तोंडाशी भाताच्या रोपांत बायका काम करत होत्या. त्यांच्यासमोर शेलार यांनी कागदावरून शिपायाचे पूर्ण नाव मोठ्याने वाचले. ती रजा संपूनही हजर झाली नाही म्हणून तिला फरारी घोषित केले असून ताब्यात घ्यायचे आहे, असे सांगितले. ज्या नावावर तक्रार लिहून घ्यायला ठाण्याला जागा नव्हती, ते नाव शेतातून ओरडायला जागा होती.

आईने शेजाऱ्याच्या फोनवरून अर्जदाराला कळवले. अर्जदार स्कूटीवरून तासाभरात पोचली. तेव्हा आई जीपच्या पुढच्या चाकापाशी चिखलात बसली होती आणि म्हणत होती, "न्या की. घाला माझ्या अंगावरनं. पोरीला फौजेत म्याच धाडली, आता ह्येबी म्याच बघते." शिपाई दारात उभी होती. ती गणवेशात होती. तो तिने जीप पाहिल्यावर चढवला होता.

अर्जदाराने शेलार यांना विचारले, "आता हद्द कुठून आली?"

ते म्हणाले, "पकडायला हद्द लागत न्हाई मॅडम."

हे लिहून द्या, असे अर्जदाराने म्हटले. त्यांनी दिले नाही. म्हणून अर्जदार ते येथे लिहून देत आहे.

मग तिने त्यांच्या हातातला कागद मागून घेतला आणि उभ्याने वाचला. शिपायाला ताब्यात घेण्यासाठी २८ जूनला युनिटमधून तीन जणांचे पथक येणार होते. पथकप्रमुखाचे नाव खाली टाइप केलेले होते. ते त्या सुभेदाराचे होते. अर्जदाराने ते नाव दोनदा वाचले. शिपायाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि न विचारताच तिला कळले. ती उंबऱ्यावर खाली बसली.

तेव्हा महिला पोलीस पुढे झाली. तिने शिपायाच्या कपाळाला हात लावला आणि शेलार यांच्याकडे वळून म्हणाली, "साहेब, हिला लय ताप हाय. डॉक्टरनं बघितल्याबिगर मी ताबा घेत न्हाई. वाटंत काय झालं तर सही माझी असती." शिपायाला ताप होता की नाही, हे अर्जदाराने विचारले नाही. या महिला पोलिसाचे नाव अर्जात किंवा लिफाफ्यात, कुठेही दिलेले नाही. कृपया ते शोधूही नये.

७. सरकारी रुग्णालयात डॉक्टरबाईंनी शिपायाला दाखल करून घेतले. तिचे म्हणणे दोन तास ऐकून लिहून काढले, आणि नियमाप्रमाणे त्याच ठाण्याला लेखी कळवले. तो कागदही ठाण्यात पडून आहे.

२८ जूनला दुपारी बाराला पथक आले. सुभेदार वॉर्डाच्या दारात उभा राहिला. त्याच्या हातात सफरचंदांची पिशवी होती. परिचारिकेला त्याने सांगितले, "हमारी बच्ची है, लेने आए हैं." अर्जदार मधे उभी राहायला उठली. पण तिच्या आधी शिपाई खाटेवरून उतरली. अनवाणी, रुग्णालयाच्या झग्यात, सावधान उभी राहिली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात, आधी हिंदीत आणि मग आपल्या आईला कळावे म्हणून मराठीत म्हणाली, "ह्या माणसानं ११ मार्चला भांडारात माझ्यावर बलात्कार केला. मी लेखी तक्रार दिलेली आहे."

आईने हे पहिल्यांदाच ऐकले. ती उठली, तिने सुभेदाराच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि वॉर्डाबाहेर ठेवली. त्याला हातही लावला नाही. डॉक्टरबाईंनी 'रुग्णाला हलवता येणार नाही' असे पत्र दिले. पथकातल्या दुसऱ्या जवानाने ते घेतले, सुभेदाराकडे न पाहता त्यावर पोच दिली, आणि पथक रिकामे परत गेले. त्या पत्राची मुदत १ जुलैला संपते. म्हणजे उद्या.

८. म्हणून अर्जदाराचे म्हणणे असे की, शिपायाची खबर आजच शून्य क्रमांकाने नोंदवून प्रत तिला विनामूल्य द्यावी. तिला कोणत्याही पथकाच्या ताब्यात देऊ नये. फरारी असल्याच्या कागदाला, रजेच्या अर्जाची पोचपावती जोडून, आपल्या सहीने उत्तर पाठवावे. अशा गुन्ह्याची खबर न नोंदवणारा लोकसेवक भारतीय न्याय संहिता कलम १९९ खाली, आणि मुलीची ओळख उघड करणारा कलम ७२ खाली शिक्षेस पात्र आहे. ती कारवाईही सुरू करावी. तिच्यावरील खटला लष्करी न्यायालयात चालेल की नेहमीच्या फौजदारी न्यायालयात, हा वाद पुढचा आहे. तो अर्जदार लढेल. पण आधी गुन्हा घडला, असे कोणीतरी सरकारी वहीत लिहिले पाहिजे.

'तिच्यावरील खटला' ही वरची चूक टंकलेखनाची आहे. 'सुभेदारावरील खटला' असे वाचावे. चूक खोडलेली नाही. गेले तीन महिने प्रत्येक कार्यालयाने हीच चूक केली आहे, आणि ती अर्जदाराच्या बोटांतही उतरली याची तिला लाज वाटते.

अर्जदार आपल्या कार्यालयाच्या बाहेरच्या बाकावर बसून आहे. पोच मिळाल्याशिवाय उठणार नाही.

शिपायाने मसुदा वाचून 'आपली नम्र' यातला दुसरा शब्द पेनाने काढला आहे. सबब,

आपली,
अ‍ॅड. सुमय्या राजमहंमद मुलाणी
दि. ३० जून २०२५

सोबत :
१. बंद लिफाफा.
२. ११ मार्चच्या तक्रारीची व २ एप्रिलच्या शेऱ्याची प्रत.
३. रजेच्या अर्जाची पोचपावती.
४. डॉक्टरांचे पत्र, पथकाच्या सहीसह.
५. शिपायाचे स्वहस्ताक्षरातील निवेदन, चार पाने. हे लिहायला तिला तीन दिवस लागले. वाचायला वीस मिनिटे पुरतात.