आर. के. पुरमच्या पानावरचं एक वाक्य

आई, गेल्या हिवाळ्यात तुझ्याबद्दलचं एक वाक्य काही आठवडे सगळ्या जगाला वाचता येत होतं. आता येत नाही. ते मी लिहिलं नव्हतं आणि काढलंही मी नाही. पण काढलं गेलं तेव्हा मी शेजारीच होतो, म्हणून तुला सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

आधी हे वाक्य होतं कुठे ते सांगतो, कारण तू गेलीस तेव्हा आपल्या घरात संगणक नव्हता. बाबा ऑफिसच्या लायब्ररीतून ज्ञानकोशाचे जाडजूड खंड आणायचे ते तुला आठवत असेल. तू त्यावरची धूळ पदरानं पुसायचीस आणि विचारायचीस, एवढं सगळं एका माणसाला कसं काय ठाऊक? आता तसाच एक कोश आहे, पण तो संगणकावर असतो, फोनवर असतो, आणि तो एका माणसाला ठाऊक असलेला नाही. तो कुणीही लिहायचा आणि कुणीही दुरुस्त करायचा. मी मराठीत लिहितो, गेली कित्येक वर्षं. आणि महिन्यातल्या दोन रविवारी दिल्लीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या हॉलमागच्या खोलीत नवख्यांना लिहायला शिकवतो. पैसे मिळत नाहीत. तुझी सून म्हणते, नोएडाच्या ऑफिसात आठवडाभर राबून रविवारी या लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजता? मी म्हणतो, आईनंही भाजल्याच की. तुझ्या भाकऱ्यांच्या गोष्टी तिनं मंडळात अनेकींकडून ऐकल्या आहेत.

येणारी मंडळी तुला आवडली असती. राजेंद्रनगरच्या खोल्यांमध्ये चौघं-चौघं राहून यूपीएससीची तयारी करणारी मुलं येतात, रिटायर झालेले साहेब लोक येतात, गुरुग्रामच्या उंच टॉवरमध्ये वाढलेली, आजीशी मराठी आणि बाकी जगाशी हिंदी बोलणारी मुलं येतात. नवख्यांना हात बसवायला आमच्याकडे एक कोरं पान असतं, त्याला धूळपाटी म्हणतात. वाटेल ते लिहा, चुका, पुसा. परवा एका मुलीनं विचारलं, "सर, धूळपाटी म्हणजे डस्टबिन का?" मी तिला सांगितलं की पूर्वी पाटीवर धूळ पसरून मुलं त्यात बोटानं अक्षरं गिरवायची. ती म्हणाली, "अच्छा! म्हणजे आधीचा टचस्क्रीन." मला हसू आवरेना. तुलाही आवरलं नसतं.

पण मी चांगला शिक्षक नाही. तुला खोटं कशाला सांगू? माझे हात शिवशिवतात. समोरचा माणूस बटण शोधत बसला, चुकीच्या जागी टिचकी मारू लागला, की मी त्याच्या हातातला माउस घेतो आणि म्हणतो, बघा, असं. काम चटकन होतं, तो मान डोलावतो, घरी जातो आणि पुन्हा त्याचं त्याला काही येत नाही. असे कितीतरी जण एकदा आले ते परत फिरकले नाहीत. मी त्यांनाच नावं ठेवत होतो, पालथ्या घड्यावर पाणी म्हणून.

मग एका रविवारी काकू आल्या. आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत आपल्या समोरच्या ब्लॉकमधल्या, सोलापूरकडच्या, ज्यांना तू शेवटपर्यंत 'नवी मुलगी' म्हणत होतीस. शाळेतून रिटायर झाल्या, काका गेले, मुलगा परदेशी. केस सगळे पांढरे झालेत, आवाज तोच, मागच्या बाकापर्यंत जाणारा. एका बोटानं टाइप करत होत्या. जोडाक्षरापाशी अडल्या आणि माझा हात सवयीनं त्यांच्या माउसकडे गेला. त्यांनी तो चक्क झटकला. "सोड रे. वहिनींनी काय सांगितलं होतं तुला, स्टोव्हच्या वेळी?" सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला. आणि मला खरंच ती सकाळ जशीच्या तशी आठवली.

उन्हाळा आहे, शाळेला सुट्टी. काकू लग्न होऊन नुकत्याच आल्यात, काकांचा गॅस अजून बदलून यायचाय. स्वयंपाकघरात एक पितळी पंपाचा स्टोव्ह, आणि काकूंच्या माहेरी चूल. काका ऑफिसला गेलेत. त्या पंप मारतायत, ज्वाळा एकदम वर येते, त्या दचकून मागे सरतात, स्टोव्ह फुरफुरून विझतो. पुन्हा तेच. मला स्टोव्ह लावता येतो याचा मला कोण अभिमान! मी पुढे होऊन त्यांच्या हातातली पिन ओढून घेतो. "द्या इकडं, मी लावतो." आणि तू माझ्या मनगटाला धरून मला बाजूला करतेस. ओरडत नाहीस. म्हणतेस, "तू रोज येणार आहेस का इथं पेटवायला?" पिन परत त्यांच्या हातात देतेस. मग तू स्वतः दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहतेस, पोलिसासारखी. मला तेव्हा कळलं नव्हतं की तुझेही हात शिवशिवत असणार. काकूंनी नाकाला काजळी लावून घेतली, डोळ्यांतून पाणी काढलं, पण शेवटी निळी ज्वाळा आली. त्या स्टोव्हवरचा पहिला चहा आपण प्यालो. त्याला रॉकेलचा वास येत होता. मी कप खाली ठेवला. तू पूर्ण संपवलास आणि वर म्हणालीस, "आलं कुठून आणलंस गं, छान आहे."

तुझं सगळंच तसं होतं. बदली होऊन कुणी मराठी कुटुंब आलं की पहिल्या दिवशीचं जेवण आपल्याकडून. वरणभात, बटाट्याची भाजी, पोळ्या आणि लोणच्याची छोटी बरणी, ती परत मागायची नाही. दुसऱ्या दिवशी मात्र जेवण नाही. दुसऱ्या दिवशी तू त्या घरच्या बाईला घेऊन बाजारात जायचीस आणि भाजीवाल्यापासून चार पावलं लांब, बांगड्यांच्या गाडीपाशी उभी राहायचीस. तिनं मोडक्या हिंदीत भाव करायचा. ती वळून तुझ्याकडे बघायची आणि तू बांगड्या बघत असायचीस. बाबा माझ्याकडे बघून तुला चिडवायचे, तुझी आई अख्ख्या आर. के. पुरमला हिंदी शिकवते, स्वतःची मात्र 'भैया, ये कैसा दिया' याच्या पुढे गेली नाही.

काकूंच्या टोमण्यानंतर मी हात आवरायला लागलो. अवघड गेलं, पण लोक परत येऊ लागले. काकू तर घरी बसूनही लिहायला लागल्या. आणि एका संध्याकाळी ऑफिसातून परतताना मेट्रोत उभ्याउभ्या मी फोनवर आर. के. पुरमचं पान उघडलं, तर त्यात त्यांनी नवा मजकूर घातलेला. सरकारी क्वार्टर, निरनिराळ्या राज्यांतून आलेले कर्मचारी, गणपती, हळदीकुंकू. आणि शेवटी हे वाक्य: 'बदली होऊन नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना पहिल्या दिवशी जेवण पाठवण्याचे आणि त्यांना दिल्लीत राहायला शिकवण्याचे काम येथील रहिवासी श्रीमती अमुक अमुक यांनी अनेक वर्षे केले.' अमुकच्या जागी तुझं नाव. पूर्ण, बाबांच्या नावासकट.

आई, मला इतका आनंद झाला की शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला फोन दाखवावासा वाटला. तुझं नाव रेशनकार्डावर होतं, दवाखान्याच्या कार्डावर होतं. पण तू काय केलंस हे कुठेही लिहिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. मी ते वाक्य घरी येईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचलं.

आणि मग माझं मलाच आठवलं की मी दर रविवारी काय शिकवतो. जे लिहाल ते आधी कुठेतरी छापून आलेलं हवं, पुस्तकात, वर्तमानपत्रात. 'मला माहीत आहे' हा आधार नव्हे. आठवण कितीही खरी असली तरी ती आधार होत नाही. आणि आपल्या माणसाबद्दल आपण लिहायचं नाही, घालायचंही नाही आणि वाचवायचंही नाही. या नियमांवर मी लोकांशी भांडलोय. एका साहेबांनी आपल्या आजोबांवर पानभर लिहिलं होतं, ते त्यांच्यादेखत उडवायला लावलं. तेव्हा मला जरासुद्धा वाईट वाटलं नव्हतं.

मी ते वाक्य तसंच राहू दिलं. पुढच्या रविवारी आमचा एक विद्यार्थी, धाराशिवकडचा, अभ्यासाला वाघ आणि नियमांचा त्याहून वाघ, म्हणाला, "सर, काकूंच्या शेवटच्या वाक्याला एकपण रेफरन्स नाहीये. टॅग लावू का?" त्याला काय ठाऊक, ते नाव कुणाचं! मी म्हणालो, "लाव." तुझ्या नावाच्या वाक्यापुढे कंसात बारीक अक्षरं आली: संदर्भ हवा.

काकूंनी ते मनाला लावून घेतलं, पण रागावल्या नाहीत. कामाला लागल्या. मंडळाच्या कपाटातून जुन्या स्मरणिका काढल्या, एकेक पान चाळलं. अध्यक्षांची नावं होती, चिटणिसांची होती, पंखे आणि खुर्च्या देणगी देणाऱ्यांची तर चौकटीत होती. तुझं कुठे नव्हतं. हळदीकुंकवाच्या एका फोटोत तू मागे उभी आहेस, अर्धा चेहरा कुणाच्या तरी अंबाड्याआड, आणि खाली लिहिलंय 'उपस्थित भगिनी'. त्यांनी जुन्या बायकांना फोन केले. सगळ्यांना सगळं आठवत होतं. लोणच्याची चव आठवत होती. छापलेलं कुणाकडेच नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी काकू लवकर आल्या. खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांनी पान उघडलं आणि म्हणाल्या, "वाक्य काढायचं कसं ते दाखव."

मी म्हणालो, "राहू द्या ना काकू. असे टॅग वर्षानुवर्षं असतात. कुणी बघत नाही."

हे मी म्हणालो, ज्याच्या नावानं नवखे घाबरतात तो मी. काकूंनी चष्म्यावरून बघितलं. "मग मला शिकवलंस ते काय? आणि वहिनींना नसतं आवडलं रे हे. घरात कुणाला दारात उभं ठेवलं नाही त्या बाईनं, आणि आपण तिला शंका चिकटवून असं उभं ठेवायचं?"

त्यांनी स्वतःच 'संपादन' उघडलं. दाखवायची गरज नव्हतीच, त्यांना येत होतं. वाक्य निळं झालं, म्हणजे निवडलं गेलं. आता एक बटण दाबलं की संपलं. आणि माझा हात उठला. शिकवायला नाही, थांबवायला. तो माउस त्यांच्या हातातून घ्यावा, खिडकी बंद करावी, म्हणावं, पुढच्या रविवारी बघू. माझ्या आईचं एकुलतं एक वाक्य होतं ते.

मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. खुर्चीत बसून ते जमत नाही, खुर्चीची पाठ मध्ये येते, म्हणून उभा राहिलो. काकूंनी वर बघितलं, माझे हात बघितले, आणि त्यांचे डोळे भरले. मग त्यांनी बटण दाबलं. बदलाचं कारण लिहायची एक चौकट असते. तिथे एका बोटानं, सावकाश लिहिलं, 'संदर्भ मिळाला नाही. शोध चालू आहे.' आणि विचारलं, "बरोबर?" मी म्हणालो, "बरोबर." इतर मंडळी येईपर्यंत आम्ही खालच्या कॅन्टीनमधला चहा मागवून प्यालो.

काकू अजून येतात. हल्ली त्यांचा मुक्काम रॉकेलच्या स्टोव्हच्या पानावर आहे. म्हणतात, याचे मात्र ढिगानं संदर्भ मिळतात.

हे पत्रही संदर्भ म्हणून चालणार नाही. मुलानं आईबद्दल लिहिलेलं, कुठे छापलेलं नाही, आणि छापायला पाठवणारही नाही. पण एक गोष्ट राहिली. या कोशात काढलेलं वाक्य नाहीसं होत नाही. प्रत्येक पानाच्या वर 'इतिहास' असं लिहिलेलं असतं. त्यावर टिचकी मारली की पानाच्या सगळ्या जुन्या आवृत्त्या दिसतात, ज्याला बघायच्या त्याला. नवख्यांना पहिल्याच दिवशी हे शिकवावं लागतं, म्हणजे त्यांची चुकण्याची भीती जाते. मी सगळ्यांना एक जुनी आवृत्ती उघडायला सांगतो आणि तिच्यातलं शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचायला लावतो. त्यासाठी कुठलंही पान चाललं असतं. मी दर वेळी आर. के. पुरमचंच घेतो.