चांगल्या वळणाची

मंगळवार, ४ ऑगस्ट

चारच्या बोटीने राजधानीहून, आपियाहून परत आले तिघं. सेराफिना माझ्या नातीला, लांगीला कडेवर घेऊन तडक समोरच्या तिच्या घरात गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पोटची मुलगी! कोको गरम करून ठेवला होता, तो तसाच राहिला.

मागाहून जावई आला. पेनिआमिना बस चालवतो, बोलतो कमी. खांबाला टेकून उभा राहिला. "डॉक्टर म्हणाले, लांगी बहुतेक स्वमग्न आहे. पक्कं पुढच्या फेरीत सांगतील." मग म्हणाला, "आई, गेल्या वर्षी तुम्ही लिहून दिलेला कागद त्यांनी दाखवला."

मी म्हटलं, "मग?"

"काही नाही," म्हणाला आणि गेला.

गुरुवार, ६ ऑगस्ट

तो कागद. आठवतोय तसा लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला खोटं बोलता यायचं नाही.

तेव्हा लांगी पाच वर्षांची. दवाखान्याने प्रश्न पाठवले होते, घरातल्या मोठ्या माणसाने भरायचे. मूल नजरेला नजर देतं का? मला रागच आला. थोरांच्या डोळ्यांत बघणारं पोर आमच्याकडे कुणाच्या घरात खपतं? मी लिहिलं — 'उगाच टक लावत नाही. चांगल्या वळणाची आहे.' ऐकलेलं तेच तेच बोलतं का? — 'पाठांतर उत्तम.' एकटं खेळतं का? — 'भांडखोर नाही.' खाली लिहिलं, 'काळजीचं कारण नाही.' निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण शाळेचा शिक्का अजून माझ्या पेटीत होता. तोही हाणला! पाकिटाला लावायला डिंक नव्हता. तसंच सेराफिनाच्या हातात दिलं आणि म्हटलं, जा, देऊन ये त्या नर्सला.

दवाखान्याने लांगीचं नाव तपासणीच्या यादीतून काढलं. मोठ्या बाईंचा शिक्का म्हटल्यावर कोण शंका घेणार.

एक आख्खं वर्ष.

शुक्रवार, ७ ऑगस्ट

बसलेल्या माणसांसमोरून जाताना कमरेत वाकून 'तुलोऊ' म्हणायचं, म्हणजे माफ करा, जाते. हे लांगी दोन वर्षांची असताना शिकली. मी गावभर मिरवलं! ती खांबाला म्हणायची, पाण्याच्या पिंपाला म्हणायची, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आज कोंबडीसमोर वाकली. "तुलोऊ." नेहमी हसते मी. आज हसू आलं नाही.

रविवार, ९ ऑगस्ट

आमच्या चर्चची घंटा म्हणजे गॅसचं रिकामं नळकांडं, फणसाच्या फांदीला टांगलेलं. लोखंडी कांब हाणली की कानठळ्या बसतात. लांगी कान दाबून धरते. तीन वर्षं दर रविवारी मी तिचे हात खाली ओढले. "हात खाली. मान खाली." एकदा तर चिमटा काढला. हे कुणालाच माहीत नाही, या पानाशिवाय.

आज तिने कान दाबले. पुढच्या बाकावरच्या दोघी वळून बघायला लागल्या. माझे हात आपोआप निघाले होते. मांडीखाली दाबून बसले.

संध्याकाळच्या प्रार्थनेला ती नेहमीसारखी चटईखाली शिरली. अंगावर चटईचं ओझं असलं की शांत असते. मी एरवी पाय धरून बाहेर काढते. आज तशीच राहू दिली. तरी देवाचं काही बिघडलं नाही.

बुधवार, १२ ऑगस्ट

दवाखान्यात गेले. नर्स लुसिया माझी जुनी विद्यार्थिनी. मी आत गेले तर उठून उभी राहिली, अजूनही! म्हटलं, बस बाई, आज उभं राहायची पाळी माझी आहे.

"तुझी चूक नाही का यात?" मी विचारलं. स्वतःच्या पदरातलं जरा दुसऱ्याच्या पदरात टाकायची जुनी खोड.

"आहे ना," लुसिया म्हणाली. "मी लांगीला बघितलं होतं. पण तुमचं अक्षर दिसलं आणि मी पुन्हा चौथीतली झाले."

मग विचारलं, आता मी काय करू? पोरीला काय शिकवू?

"पोरीला काही शिकवू नका. सेराफिनाला आधी झोपू द्या. दुपारी लांगीला तुमच्याकडे ठेवा. स्वयंपाक करा. आणि बाई, रागावू नका, सल्ला देऊ नका."

चाळीस वर्षं दुसरं केलंय काय मी!

शनिवार, १५ ऑगस्ट

अळूच्या पानात नारळाचं दूध बांधून भाजलं, सेराफिनाला आवडतं तसं. घेऊन गेले. दाराशीच मनाला बजावलं — गप्प बसायचं.

बसले. पाच मिनिटं. मग तोंड उघडलंच. "तू तिला जरा जास्तच कडेवर घेतेस." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही!

सेराफिनाने वाटी खाली ठेवली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आई, दोन वर्षं मी तुला सांगत होते. हाक मारली तर वळत नाही म्हटलं. तू म्हणालीस, माझ्या हाताखालून आठशे मुलं गेली, तू मला शिकवू नकोस. माझंच डोकं फिरलंय असं वाटायला लागलं मला. गावात कुणाशी बोलायची चोरी. सगळे म्हणायचे, मोठ्या बाईंना विचार."

मी म्हटलं, "चुकलं."

"हं," म्हणाली, आणि भांडी घासायला बसली.

एवढुसा माझा शब्द, 'चुकलं'. झालेल्या गोष्टीएवढा मोठा नव्हताच तो. किती तोकडा, ते माझं मलाच ऐकू आलं.

मंगळवार, १८ ऑगस्ट

दुपारी लांगी माझ्याकडे होती. चटईच्या विणायच्या पट्ट्या तिने रुंदीप्रमाणे ओळीने लावल्या. मी एकही हलवली नाही. समोरच्या घरात सेराफिना दोन तास झोपली. मी सल्ला दिला नाही, कारण ऐकायला कुणी नव्हतं.

गुरुवार, २० ऑगस्ट

काकाच्या ट्रकखाली शेजारच्या गावचा माणूस गेला होता. मी नऊ वर्षांची असेन. बाबा पहाटे त्या मेलेल्या माणसाच्या दारात जाऊन बसले, डोक्यावरून घरातली सगळ्यात बारीक विणीची चटई ओढून. इफोंगा, माफी मागायची आमची रीत. त्या घरातल्यांनी येऊन चटई उचलली तर माफ. नाही उचलली तर बसून राहायचं. उन्हात दुपारपर्यंत बसले होते बाबा. दगड पडला असता तरी हलले नसते.

पेनिआमिनाला सांगितलं, मीही सेराफिनाच्या दारात तशीच बसणार. बसचा आरसा पुसता पुसता थांबला. "आई, हे खून पडला तर करतात!"

"मला माहीत आहे."

"आणि आई मुलीच्या दारात? लोक हसतील."

हसू देत. मयतासाठी ठेवलेली माझी चटई पेटीतून काढली. शिक्क्याच्या खालीच होती. शिक्का चुलीत टाकला. रबराचा वास दुपारभर घरात राहिला.

शनिवार, २२ ऑगस्ट

उजाडताना चटई डोक्यावरून ओढून सेराफिनाच्या दारात जाऊन बसले. ऊन वर आलं. सेराफिनाची पावलं दोनदा दारापर्यंत आली, परत गेली. "काय हा तमाशा, आई!" मग चटईच्या कडेने काहीतरी आत सरपटलं. लांगी. माझ्याकडे न बघता पाठ माझ्या पोटाला लावून बसली, आपलीच जागा असल्यासारखी. चटई कुणी उचलली नाही. थोड्या वेळाने आवाज आला, "सरक जरा." सेराफिनाही चटईखाली शिरली. अंधारात हळू म्हणाली, "पाकीट उघडंच होतं, आई. वाटेत मी वाचला तो कागद. खोटा आहे, कळत होतं मला. पण वाचून इतकं बरं वाटलं... तसाच देऊन आले." तिचा हात धरला मी. बाहेरून पेनिआमिना म्हणाला, "आता चटई उचलायची कुणी?"