जीव वाचवलेला दोर

४ डिसेंबर, बुधवार

दोर दिला. देऊन आले आणि आता चैन पडत नाही.

प्रदर्शनाच्या व्यवस्थापकाने आठवडाभर आमच्या गिर्यारोहण क्लबात फोन करून डोकं खाल्लं होतं. "ताई, नवं सामान आमच्याकडे ढीगभर आहे, पण काहीतरी गोष्ट असलेलं द्या ना!" सामानखोलीच्या किल्ल्या माझ्याकडे, म्हणून गळही मलाच. शेवटी कपाटाच्या तळातून बाबांचा लाल दोर काढला. मार्चमध्ये बाबा कड्यावरून सुटले. पंचवीस फूट खाली आले, गुडघा कायमचा गेला – पण याच दोराने त्यांना धरलं.

आमच्याकडे एक नियम आहे, तोही बाबांनीच घालून दिलेला. असा झटका खाल्लेला दोर त्याच दिवशी कापायचा. हातभर लांबीचे तुकडे करायचे, म्हणजे पुन्हा चुकूनसुद्धा तो कुणाच्या कमरेला बांधला जायला नको. वरून धड दिसला तरी आत काय झालंय ते दिसत नाही. इस्पितळात शुद्धीवर आल्या आल्या बाबांनी विचारलं, "कापलास ना?"

"कापला," मी म्हटलं.

नव्हता कापला! कात्री घेऊन बसले होते. पण ज्याने बाबा परत दिले त्याला कापायला हात उठेना.

असो. नुसता खिळ्याला टांगायचाच तर आहे. खाली लावायला चांगल्या अक्षरात कार्डही लिहून दिलं – 'या दोराने एका वाटाड्याचा जीव वाचवला.'

५ डिसेंबर, गुरुवार

आठ दालनं! पायांचे तुकडे पडले.

मला दोराशेजारीच टेबल दिलंय आणि त्यावर अभिप्रायाची वही. अभिप्राय कसले, नुसता शिव्यांचा पाऊस. होडी आहे, पण खाली निळा गालिचा. तंबू आहेत, आत शिरायचं नाही. सायकली आहेत, त्या साखळीने बांधलेल्या. तीस फुटी चढाईची भिंत आहे – जाहिरातीत सगळ्यात मोठा फोटो तिचाच – पण तिच्यासमोर आडवी दोरी, कारण चढाईचे नवे दोर वाटेत कुठेतरी अडकलेत. बाकी जिकडे तिकडे टोप्या आणि गॉगल विकायला.

"बाहेरच्या खेळांचं प्रदर्शन, आणि एक खिडकी उघडी नाही!" एक आजोबा माझ्यावरच डाफरले. जसं काही खिडक्या मीच लावून घेतल्यात. मग ते आणि आजी विक्रीच्या घडीच्या खुर्च्यांवर बसून डबा खाऊ लागले. दिवसभरात मला दिसलेले सुखी जीव तेवढेच दोन.

संध्याकाळी एक बाई आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, अंगाने चांगल्या भरलेल्या. औषधाच्या दुकानात कामाला आहेत, दुकानाचा पांढरा कोट पिशवीत घडी करून ठेवलेला.

"भिंत उद्या तरी उघडणार का हो?"

म्हटलं, सांगता येत नाही.

"आयुष्यात एकदा चढून बघायचंय. घरी कुणाला सांगितलं नाही, हसतील."

वहीत त्यांनी एवढंच लिहिलं – 'उद्या पुन्हा येईन.' आणि पत्त्याच्या रकान्यात दुकानाचं नाव.

६ डिसेंबर, शुक्रवार

त्या पुन्हा आल्या. भिंत बंदच. नवे बूट घालून आल्या होत्या.

७ डिसेंबर, शनिवार

आजचं आजच लिहिते, नाहीतर झोप यायची नाही.

सुट्टीची गर्दी. लोक आठ दालनं पायाखाली घालून यायचे आणि माझ्या टेबलापाशी येऊन फुटायचे. "हे एवढंच?" "फसवलं हो!" दुपारपर्यंत व्यवस्थापकाचं तोंड एवढंसं झालं होतं. मी चहाला गेले. दहा मिनिटं, जास्त नाही. परत येते तो खिळा रिकामा! खाली माझं कार्ड तेवढं.

तेवढ्यात टाळ्या ऐकू आल्या.

धावत भिंतीपाशी गेले. लाल दोर वरच्या कडीतून ओवलेला. एक टोक कुठल्याशा व्यायामशाळेतल्या प्रशिक्षकाच्या हातात आणि दुसऱ्या टोकाला औषधाच्या दुकानातल्या बाई. निम्मी भिंत चढल्या होत्या. खालून लोक ओरडत होते, "शाब्बास मावशी! अजून थोडं!" तीन दिवसांत त्या दालनात पहिल्यांदाच कुणी हसत होतं.

ओरडले असते तर त्या दचकल्या असत्या आणि हात सुटला असता, एवढं भान कसंबसं राहिलं. दोराने खाली सोडायची सोय नव्हती, सगळा भार त्याच्यावरच आला असता. शेजारी वीजवाल्याची शिडी होती, ती ओढून लावली आणि वर गेले. "मावशी, दोराला लटकू नका. पाय माझ्याकडे द्या. हा इथे. आता दुसरा."

"का? काय झालं?"

"सांगते. आधी उतरा."

उतरल्या. मी व्यवस्थापकावर धावून गेले, तर तो उलट माझ्याच तोंडाकडे बघायला लागला. "अहो, जीव वाचवलेला दोर! तुम्हीच लिहिलंय ना? म्हणजे सगळ्यात भक्कम तोच!"

अक्षर माझंच.

बाई कमरपट्टा सोडत होत्या, तो सुटत नव्हता. मान खाली घालूनच म्हणाल्या, "माझं वजन बघून उतरवलंत ना?"

सगळे ऐकत होते. खरं सांगायचं तर तिथेच, पन्नास माणसांपुढे सांगावं लागलं असतं – कापायचा दोर मी कापला नाही, वर हौसेने टांगायला दिला. "तसं नाही हो," एवढंच म्हणाले आणि गप्प बसले. त्या पिशवी उचलून गेल्या.

दोराची लाज वाटते. पण गप्प बसले त्याची जास्त वाटते.

८ डिसेंबर, रविवार

संपलं एकदाचं. वही परत करण्याआधी चाळली. काल जाता जाता बाईंनी त्यात लिहिलेलं मला दिसलंच नव्हतं.

'दोरवाल्या ताईंनी उतरवलं ते योग्यच केलं. या वयात, या अंगाने असली हौस करू नये, हे माझं मलाच कळायला हवं होतं. माझी काही तक्रार नाही.'

अख्ख्या वहीत 'तक्रार नाही' म्हणणारं एकच पान! वाचून रडू फुटलं.

घरी येऊन दोर बाबांच्या मांडीवर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. खोटं बोलले तेही. बाबा ओरडले नाहीत. डोळे मिटून दोर बोटांतून सरकवत राहिले, वीतभर, पुन्हा वीतभर. किती वेळ गेला कोण जाणे. मग एका जागी बोटं थांबली.

"इथे. कात्री आण."

त्यांनी तिथे दोर कापला. वरचं लाल विणकाम शाबूत होतं. आतल्या पांढऱ्या दोऱ्या तुटून पिंजलेल्या. मोजून दोन धड होत्या.

मी त्या दोन दोऱ्या पुन्हा मोजल्या.

"हात उठला नाही, ते समजतं मला," बाबा म्हणाले. मग विचारलं, "त्या बाईंना सांगितलंस?"

"नाही."

"मग माझ्यापाशी काय रडतेस?"

बाकीचा दोर मी कापला. हातभर, हातभर. बाबा शेवटपर्यंत समोर बसून होते.

९ डिसेंबर, सोमवार

दुकानावरून दोनदा गेले. आत जायचा धीर झाला नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

आज गेले. रांगेत उभी राहिले. माझी पाळी आल्यावर तो पिंजलेला तुकडा त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं, मागच्या गिऱ्हाइकांच्या देखत. मरण किती जवळ होतं तेही सांगितलं. त्यांनी तुकडा हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. मला वाटलं, आता कानाखाली बसते!

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "दोर चांगला असता, तर मी वर पोचले असते?"