चीनच्या तासाला बदली

१० जानेवारी, सकाळ

रक्त तपासायला शिकलेल्या मुलीला चीनचा इतिहास कशाला लागतो, हे मला कुणी समजावून सांगेल तर मी त्याच्या पाया पडेन. नातीनं चार वर्षं लॅबमध्ये काचेच्या पट्ट्या बघून डोळे फोडले. आता कॉलेज म्हणतं, बाहेरच्या एका देशाचा इतिहास केल्याशिवाय डिग्री नाही. बाकीच्या देशांचे वर्ग भरलेले, हिच्या वाट्याला चीन. गेल्या वर्षी त्यातच नापास झाली. यंदाही झाली तर हॉस्पिटलातली ठरलेली नोकरी दुसरीला जाणार. जूनपर्यंतच थांबतो म्हणालेत.

म्हणून आजपासून मी जातीनं लक्ष घालणार.

हं, नमस्कार वहीबाई. तो राहूनच गेला.

११ जानेवारी

कॉलेजनं सहा पानी कागद दिलाय. सिलॅबस. नातीकडून एकदा वाचून घेतला. मी चौथी शिकले, पण ऐकलेलं विसरत नाही. सून म्हणाली, सोयीचं तेवढं. तिच्याकडे कोण बघतंय.

हजेरी वीस टक्के. वर्गात बोलणं दहा. नकाशाची परीक्षा दहा. दोन निबंध तीस. शेवटची परीक्षा तीस. निबंधाला एक दिवस उशीर झाला की एक ग्रेड खाली. तीन गैरहजेऱ्या माफ, चौथीला ग्रेड खाली. पाचवं-सहावं पान नुसतं प्रामाणिकपणावर होतं. म्हटलं, ते राहू दे, आपल्या घरात कुणी चोर नाही.

एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत काढली, त्यातली शेवटची नऊ मुकादम म्हणून. मला काय नियम शिकवतात!

१९ जानेवारी

गुडघ्याच्या फोटोला नातीला घेऊन गेले. म्हणाली, आजी, माझा चीनचा तास आहे. मी म्हटलं, तीन रजा माफ आहेत ना? मग? लाँड्रीत न घेतलेली रजा वर्षाअखेरी बुडायची. रजा बुडू देणारी बाई मूर्ख, असं आम्ही सगळ्या म्हणायचो.

म्हणाली, आजी, ती रजा नाही, सवलत आहे. पोरी शिकल्या की शब्द वाढतात.

२ फेब्रुवारी

दुसरी रजा. कपाट हलवायचं होतं. खाली उंदीर मेला होता, मी वासावरून आधीच सांगितलं होतं. नात तोंड फुगवून होती, पण कपाट नीट धरलं. अंगात ताकद आहे पोरीच्या.

१३ फेब्रुवारी

तिसरी. नणंद आली. तिच्यासमोर मी एकटी बसले असते तर दोघींपैकी एक जिवंत राहिली नसती. नातीला मध्ये बसवली.

तिन्ही रजा वसूल. एकही बुडाली नाही. हे असं लक्ष घालावं लागतं.

२० फेब्रुवारी

नकाशाच्या परीक्षेत दहापैकी सहा. मीच पाठ करून घेतलं होतं: दोन मोठ्या नद्या, पिवळी खाली, दुसरी वर. आता सर म्हणतात, पिवळी वर. त्यांचा नकाशा उलटा टांगलेला असणार. नात म्हणाली, आजी, उद्यापासून माझं मी करते. म्हटलं, कर. (करू देणार नाही.)

२७ फेब्रुवारी, सकाळी साडेनऊ

पोरीला ताप. एकशे दोन. गोळी दिली, ग्लानीत पडलीय. सून कामावर गेली. अकराला चीन.

ही चौथी. चौथीला ग्रेड खाली, म्हणजे नापास, म्हणजे नोकरी गेली. आणि या तापाचा दाखला कुठून आणू? डॉक्टर दुपारी चारशिवाय दार उघडत नाही.

लाँड्रीत काय करायचो आम्ही? बाई आजारी पडली की तिच्या घरातून बदली यायची. बहीण, सासू, कुणीही. चादरी धुतल्याशी मतलब. हजेरी त्या बाईच्या नावावर लागायची. नऊ वर्षं मी स्वतः लावलीय.

पोरीची बॅग घेतली. निघाले.

२७ फेब्रुवारी, दुपारी दोन

फत्ते.

कॉलेजचे जिने जीव घेतात. वर्गात चाळीसेक पोरं. मी मागच्या बाकावर. शेजारच्या मुलीनं विचारलं, आजी, कुणाला शोधताय? म्हटलं, कुणाला नाही, शिकायला आलेय. तिनं सरकून जागा दिली. वळण चांगलं आहे.

सर म्हणजे काडीपैलवान, पण आवाज खणखणीत. माझ्याकडे दोनदा बघितलं आणि शिकवायला लागले. हजेरीचा कागद फिरत आला. नातीच्या नावापुढे सही केली, चांगली वळणदार.

आजचा धडा परीक्षेवरच होता. चीनच्या राजाला अधिकारी लागायचे, ते परीक्षा घेऊन निवडायचे. माणसाला एवढ्याशा खोलीत कोंडायचे, जेवण तिथेच, झोप तिथेच. आत सोडताना कपडे चाचपायचे. तरी लोक अस्तरावर बारीक अक्षरात पुस्तकं लिहून न्यायचे. काही जण आपल्या जागी दुसराच माणूस बसवायचे. सापडला की दोघांनाही कडक शिक्षा. सरांनी विचारलं, एवढी कडक का असेल? सगळे मुके. एवढी शिकलेली पोरं! मी हात वर केला. म्हटलं, वरच्याची परवानगी घेतली नसेल. बदली चालते, पण सांगून. न सांगता पाठवली तर आम्हीही घरी बसवायचो.

वर्ग हसला. सरही हसले. मग म्हणाले, आजी, पुढच्या वेळी ओळख करून द्या.

म्हणजे वर्गात बोलण्याचे दहा टक्केही पोरीच्या खात्यात. तिला इतक्यात सांगत नाही, बरी झाली की खुशखबर देईन.

३ मार्च

कॉलेजातून पत्र. नातीच्या नावावर दुसऱ्याच कुणी सही केली, म्हणून कमिटी बसणार. सिद्ध झालं तर विषयात शून्य.

सुनेनं पत्र दोनदा वाचलं. नात म्हणाली, मी तर त्या दिवशी झोपले होते, सही केली कुणी? मग दोघी एकदम माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, मी. त्यात काय?

सून म्हणाली, अहो आई, हे काय करून बसलात? नात उठून आत गेली. ते जास्त लागलं. पण मला लागून चालणार नाही, मी हे निस्तरणार आहे.

५ मार्च

निस्तरलं.

माझ्या लक्षात आलं, चूक बदलीत नव्हतीच. चूक परवानगीत होती. लाँड्रीत बाईनं सांगून पाठवलेली बदली रीतसर, मनानं घुसलेली चोर. तेव्हा कमिटीला कळायला हवं की सगळं रीतसर होतं. मी पत्र लिहिलं. दोन पानं. माझ्या नातीनं तापात असतानाही मला बोलावून, माझ्या जागी तू जा, सही कर, असं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, आणि मी तिच्या पूर्ण परवानगीनं गेले.

तिनं असं सांगितलं नव्हतं. पण शुद्धीवर असती तर सांगितलंच असतं. त्यामुळे हे खोटं नाही, थोडं आधी लिहिलेलं आहे.

कुणाला न दाखवता पोस्टात टाकलं. आनंद एकदमच देईन.

१२ मार्च

कमिटी. तीन माणसं, लांब टेबल, पाण्याचा जग. मी सोबत म्हणून गेले. नातीनं उभं राहून सांगितलं, मला काही माहीत नव्हतं, मी तापात होते. आवाज हलला नाही तिचा. मला अभिमान वाटला.

मग मधल्या बाईंनी माझं पत्र काढलं आणि मोठ्यानं वाचलं.

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. एकतीस वर्षांत माझ्याकडे कुणी असं पाहिलं नव्हतं. लाँड्रीतून काढलेल्या बायकांनीसुद्धा नाही.

बाई नातीला म्हणाल्या, दोघींपैकी एक खोटं बोलतेय, आणि इथे लिहून दिलंय तुझ्या आजीनं. मी बोलायला उठले. लाँड्री, बदली, रजा, सगळं काढलं. त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, आजी, प्रश्न तुम्हाला विचारलेला नाही.

मग बाजूला बसलेले चीनचे सर हळूच बोलले, तेही मलाच. या मुलीला आत्ता बी आहे. चौथी गैरहजेरी लागली असती तर सी झाला असता. सी म्हणजे पास. त्या दिवशी ती घरी झोपून राहिली असती तर काहीही बिघडलं नसतं.

निकाल राखून ठेवला. तिनंच पाठवलं असं ठरलं तर शून्य. माझं पत्र खोटं ठरलं तर एक गैरहजेरी, बस. मी लेखी सांगायचं, आणि मग ते फोन करून खात्री करणार.

बसमध्ये नात माझ्या शेजारी बसली नाही. जागा होती.

१३ मार्च, सकाळ

उत्तर लिहायला बसले. तीन कागद फुकट. पहिल्यात सरांची चूक निघाली, दुसऱ्यात डॉक्टरची, तिसऱ्यात कॉलेजच्या जिन्यांची. लाँड्रीत चादर फाटली की मी रजिस्टरात ‘मशीन बिघडलं’ लिहायचे. नऊ वर्षांत त्या मशीननं माझं बरंच सोसलं.

सून म्हणाली, आई, मी लिहून देऊ का, गोड शब्दांत? नको म्हटलं. गोड शब्दांत मी आधीच लिहून बसलेय.

१३ मार्च, दुपार

झालं. चार ओळी. सही मी केली. तिला माहीत नव्हतं. तिनं सांगितलं असं मी लिहिलं ते खोटं होतं. तिला शिक्षा देऊ नये.

पाचवी ओळ लिहिणार होते, की हेतू चांगला होता. पेन टेकवलं आणि उचललं. हेतू कुणी विचारला नाहीये.

सून जाऊन कमिटीच्या खिडकीत देऊन आली. तिथे सांगितलं, उद्या दहाला फोन येईल.

१४ मार्च, सकाळी साडेनऊ

पोरगी अजून बोलत नाही. आंघोळ करून फोनजवळ खुर्ची आणून ठेवली, माझ्यासाठी, आणि कॉलेजला निघून गेली. पावणेअकराला येते म्हणाली, पण आईला. मला नाही.

सुनेला म्हटलं, तू उचल, सांग आजीची तब्येत बरी नाही, जे विचारायचं ते मला विचारा. सुनेनं फोनखाली दाबलेली चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली. पोरीचं अक्षर. वर ‘प्रिय आजी’ वगैरे काही नाही, खाली नावसुद्धा नाही:

‘दहाचा फोन आजीनंच घ्यायचा. आईनं बाहेर थांबायचं. जे विचारतील त्याचं उत्तर तिनंच द्यायचं, दुसऱ्या कुणीही नाही.’