सावडीची फ्लॉपी

सेलू, १७ नोव्हेंबर १९८८

आदरणीय जावईबापू प्रभाकरराव यांस,

रूपरावचा वाकून नमस्कार. (कमरेत उसण भरली आहे, त्यामुळे जेमतेमच वाकलो.) तुमचा गुडघा कसा आहे? कोकिळेला सांगा, तुझ्या दादाचा सत्कार झाला. ती रडेल, तेव्हा जेवण झाल्यावर सांगा.

आपल्या जिनिंग सोसायटीचे अध्यक्ष म्हणून तुम्हीच मला कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख केलं. (सगळ्यांत जुना कारकून, या एका गुणावर.) काम एवढंच, की कापसाच्या गाड्यांच्या नंबराची यादी यंत्रातून काढायची, म्हणजे फाटकावरची भांडणं मिटतील. दिवाळीनंतरच्या सोमवारी यादी निघाली नाही तर विभाग बंद आणि यंत्रावर बसणारी गोपिका, ताराचंद, वासुदेव ही पोरं तिघंही घरी, असं संचालक मंडळानं ठणकावलं होतं. मला यंत्राचं चालू करायचं बटण तेवढं माहीत. पण माणसं वागवायला यंत्र कशाला यावं लागतं, हा माझा ताठा!

तिघं तीन कोपऱ्यांत बसून यादीच्या प्रोग्रामचे तीन तुकडे लिहीत होते. मला बघवेना. आपल्याकडे पेरणीला सावड करतात, आज तुमच्या वावरात सगळ्यांच्या बैलजोड्या, उद्या आमच्या. तुझं-माझं कोणी करत नाही. मी तेच लागू केलं. तिघांनी आपापलं काम एकाच फ्लॉपीवर (ती काळी चौकोनी वस्तू, जिच्यावर तुम्ही पानाला चुना लावला होता) आणायचं, तिघांनीही त्याला 'कापूस' हेच नाव द्यायचं आणि जुन्या फ्लॉप्या कोऱ्या करून कपाटात जमा करायच्या, असा लेखी आदेश काढला. गोपिका म्हणाली, "साहेब, असं नका करू, नाव एकच असलं की एकाचं दुसऱ्यावर जाऊन बसते, आधीचं पुसते." मी म्हटलं, "सावडीत असं नसते, पोरी." आणि आदेशावर शिक्का मारला.

भाऊबीज उरकून येऊन पाहतो, तर फ्लॉपीवर एकट्या वासुदेवचं काम. तो यंत्रावर सगळ्यांत शेवटी बसला होता. बाकी दोघांची महिन्याची मेहनत त्याच्या 'कापसा'खाली गडप! मी लाइटला शिव्या दिल्या, जिनिंगच्या धुळीला दिल्या. पण खचलो नाही. तीन दिवस पोरांच्या पाठीशी उभा राहिलो. सोमवारी यादी निघाली, आंजीच्या किसनरावची गाडी पहिली लागली आणि कोणी कोणाची कॉलर धरली नाही. तुम्ही स्वतः मला शाल घातलीत, नेतृत्व यालाच म्हणतात असं भाषणात म्हणालात. आभारी आहे.

आपला,
रूपराव

ता.क. : पाठीशी उभा होतो म्हणजे खुर्चीच्या पाठीशी, चहा घेऊन. खरं असं, की माझा आदेश निघाला त्याच दिवसापासून गोपिकानं तिघांचंही काम एका दोनशे पानी वहीत हातानं उतरवून ठेवलं होतं. त्या वहीवरून तिघांनी पुसलेलं काम परत यंत्रात घातलं. वही आहे हे आधी काऊन नाही सांगितलं, असं विचारलं, तर म्हणे, "तुमचा शिक्का होता ना, साहेब." सत्काराला सगळ्यांत मोठ्या टाळ्या तिनंच वाजवल्या. मले लाज वाटली, जावईबापू.

ता.क. २ : नागपूरच्या एका कंपनीनं तिला बोलावलं आहे. पंचवीस तारखेच्या आत कळवायचं आहे. ती गेली की यादी गेली, मागोमाग ती दोघं पोरंही. प्रमुखाची खुर्ची तिला द्या. वय लहान, बाईमाणूस, असलं काही काढू नका. मले तिच्या हाताखाली बसवा.

ता.क. ३ : पाकीट बंद करायच्या आधी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "राह्यतो मी. पण साहेब इथंच पाहिजे. संचालक घडीघडी आत येऊन 'झालं का, झालं का' करतात, त्यायले दारात कोन अडवन?" तेव्हा खुर्ची तिलाच द्या, पण माझी बदली करू नका. तुमची शाल आम्ही यंत्रावर घातली आहे, धूळ फार येते. आणि यापुढे आलात तर मी दारातच भेटेन, राग मानू नका.