शेवटी गाण्याचं रीळ

मी, खाली डावा अंगठा उमटवणारी, या थिएटरात सिनेमाचे मशीन चालवणाऱ्याची विधवा, दोन मुलांची आई, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय तोंडी सांगून लिहवून घेत आहे. अक्षर येत नाही. अक्कल शाबूत आहे. डॉक्टरांनी आत्ताच तपासले. पुरावा म्हणून शिट्टी वाजवून दाखवते म्हटले, तर नको म्हणाले. वकीलबाईंनी माझ्या बोलण्यात "सदर" आणि "उपरोक्त" खुशाल घालावे, पण त्याची धार घालवू नये. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

एक. राहते घर थोरल्या मुलास. तो कॉलेजात सिनेमा शिकवतो. त्याच्या आवडीच्या सिनेमात एक माणूस खिडकीपाशी बसतो आणि पुढे काही होत नाही. मला एकदा नेले होते. झोप फार छान लागली. घर त्याचे, पुस्तकांच्या कपाटांसकट. थिएटर त्याचे नाही.

दोन. थिएटर, म्हणजे जमीन, इमारत, पडदा आणि खुर्च्या, धाकट्या मुलीस. ती तिकीट खिडकीवर बसते आणि भांडणाऱ्याला पुरून उरते. मी जिवंत असताना थोरल्याने गोदामवाल्याला आणून पडद्याला मापाचा टेप लावला, हे मी विसरलेले नाही. म्हणाला, "आई, कोण बघतं आता हे? तीच मारामारी, तोच नाच, तेच हरवलेले भाऊ!"

मी म्हटले, "ते भाऊ शेवटी भेटतात तरी. तुम्ही दोघं बहीणभाऊ एका घरात राहून बोलत नाही."

अट एकच. येथे हिंदी सिनेमाच लागेल, आणि तोही गाण्यांचा, रडवणारा, खलनायकाला बदडणारा. गोदाम होणार नाही. गंभीर चर्चा फुटपाथवर करावी.

तीन. आमच्या थिएटरची रीत धाकटीने मोडू नये. ती कशी पडली ते लिहा, वकीलबाई. एकदा ह्यांनी घाईत रिळांची अदलाबदल केली. नायक आईच्या मांडीवर मेला, हॉलभर हुंदके, आणि पुढच्याच क्षणी तो बागेत गात आला! तेव्हाचा मालक मशीनच्या केबिनकडे धावला. खाली मात्र शिट्ट्या, टाळ्या. तिकिटाचे पैसे परत मागायला कोणी उठले नाही. दुसऱ्या दिवशी कपडे धुणारी बाई चार जणींना घेऊन आली. म्हणाली, "तो परत येतो तोच लावा."

मालक म्हणाला, "अहो, ती चूक होती. तो मेलाय."

"मेलाय ते कळतं हो आम्हाला. पण जाताना भेटून गेला की बरं वाटतं. उद्या कामावर जायचंय."

तेव्हापासून नायक मेला की शेवटी गाणे पुन्हा दाखवतात. वारस नसलेला तोच मालक पुढे थिएटर ह्यांच्या नावावर करून गेला. थोरला याला कलेची विटंबना म्हणतो. म्हणू दे. माणूस मरतो हे शिकायला आमच्या बायकांना तिकीट काढावे लागत नाही. ते त्या घरून शिकून येतात.

चार. बाल्कनीतली खुर्ची, जिची स्प्रिंग वर आली आहे, ती जाऊबाईंना. "विधवेनं बॅटरी घेऊन अंधारात लोकांना जागा दाखवायची?" असे त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या. आता त्यांनी निवांत बसावे.

पाच. थोरल्याने कोर्टात जायचे ठरवल्यास जरूर जावे. त्याआधी एक खेळ खालच्या वर्गात बसून बघावा. तिकीट काढून. पास मिळणार नाही.

सहा. मी गेले त्या दिवशी थिएटर बंद ठेवू नये. जुने मशीन आणि ह्यांनी जपलेले ते गाण्याचे रीळ केबिनमध्ये आहेत. मला पोचवून सगळे परत आले की तेच लावावे. मशीन थोरल्याने चालवावे. लहानपणी बापाच्या हाताखाली शिकला आहे, विसरला असेल तर धाकटीला विचारावे. बोलावे लागेल. रडायचे ते आधी उरकून घ्या.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. दोन ठिकाणी वकीलबाईंनी मला गोड केले होते, ते खोडायला लावले. बाकी कबूल.

निशाणी डावा अंगठा.

साक्षीदार: डॉक्टर (सही). बाई पूर्ण शुद्धीत आहेत, जरुरीपेक्षा जास्तच.
साक्षीदार: समोरचा शिंपी (सही). नात्यातला नाही, वाटा नाही. गाण्याला येणार.

ठिकाण: तिकीट खिडकीमागची खोली.
दिनांक: शुक्रवार, नवा सिनेमा लागला तो. बाहेर रांग आहे.